कोयनेचं पाणी, कोळशाचा धूर

आमच्या अलोऱ्यात वीज वाचवायचा विषय काढला की हटकून ऐकू येतं, “आपली वीज तर पाण्याची. ती वाचवून हवा कशी सुधारणार?” कोयना प्रकल्पाच्या कोळकेवाडी वीजगृहात मी ऑपरेटर होतो. प्रश्न रास्त आहे, उत्तरही आहे.

वीजगृहाबाहेर पडलेली वीज आमची राहत नाही. राज्याच्या ग्रीडमध्ये ती चंद्रपूर, कोराडी, परळीच्या कोळशाच्या विजेत मिसळते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की मागणी उसळते, फ्रिक्वेन्सीचा काटा 50 हर्ट्झच्या खाली सरकू लागतो आणि कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा फोन येतो: मशीन घ्या. कोळशाचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. आमचं टर्बाइन काही मिनिटांत भार उचलतं.

पण पाणी मोजकं. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीचीच मुभा दिली. कोयनेची क्षमता 1960 मेगावॉट असली, तरी सगळे संच वर्षभर चोवीस तास चालवण्याइतकं पाणीच नाही. आज रिकाम्या खोलीत पंखा फिरला, तर तेवढं पाणी खर्ची पडतं आणि पुढे कधीतरी त्याच्या जागी कोळसा जळतो.

एका युनिटामागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. बहुतेक राख यंत्रं अडवतात. निसटते ती सगळ्यात बारीक. अडीच मायक्रॉनहून लहान कण नाक-घसा चुकवून फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही तर रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. धुरातल्या गंधकाच्या वायूचे हवेत सल्फेटचे कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चिमणी डोळ्यांसमोर नाही म्हणून आपण सुटलो, असं अजिबात नाही.

जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. रोज बारा तास फिरणारा एक पंखा बदलला, तर वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिटं, म्हणजे सव्वाशे किलो कोळसा वाचतो.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते. बिल कमी यावं म्हणून गीझर बंद करून पडवीत बंब पेटवणारी घरं आमच्याकडे आहेत. ओल्या लाकडाच्या धुरात तेच बारीक कण असतात, आणि फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या थेट छातीत जातात. अशी बचत नको. पावसाळा सोडला तर छपरावरचा सौर बंब कोकणात उत्तम चालतो, पावसात खुशाल गीझर लावावा. कपडे धुवायचं मशीन, पाण्याचा पंप ही कामं दुपारी उरकावीत. तेव्हा ग्रीडमध्ये सौरवीज भरपूर असते. आमच्या वाडीत दोन-तीन घरांनी विहिरीचा पंप संध्याकाळऐवजी दुपारी लावायला सुरुवात केली आहे.