वर्णहीनता आणि अल्पदृष्टी

मनुष्याच्या दृष्टीचे आपण साधारणपणे दोनच प्रकार कल्पितो. एक डोळस आणि दुसरा अंध. ज्याला फार तर चष्मा लागतो तो पहिल्या वर्गात आणि ज्याच्या हाती पांढरी काठी असते तो दुसऱ्या वर्गात, अशी आपली सोपी वाटणी असते. परंतु या दोहोंच्या मध्ये एक विस्तृत प्रदेश आहे आणि तेथे राहणाऱ्यांची आपणांस फारशी ओळख नसते. उत्तम चष्मा लावूनही ज्यांना फळ्यावरचे अक्षर वाचता येत नाही आणि तरीही जे अंध नाहीत, अशांच्या स्थितीस अल्पदृष्टी म्हणतात. ही स्थिती अनेक कारणांनी येते. त्यांपैकी जन्मतःच येणारे आणि क्वचित आढळणारे एक कारण म्हणजे वर्णहीनता, अर्थात् आल्बिनिझम. आम्ही शास्त्राचे पदवीधर नव्हे. तथापि शिक्षकाच्या व्यवसायात या विषयाशी आमचा निकटचा संबंध आला आणि त्या निमित्ताने जे वाचले व पाहिले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

वर्णहीन व्यक्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिची त्वचा अतिशय गोरी, गुलाबी छटेची. केस पांढरे किंवा गवताच्या रंगाचे. भुवया व पापण्याही तशाच फिकट. जगात सुमारे १७ ते २० हजार माणसांमागे एक या प्रमाणात अशी व्यक्ती आढळते. आमच्या गोमंतकात ज्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले, त्या पोर्तुगीजांच्या भाषेतून ‘आल्बिनो’ हा शब्द जगभर गेला. त्याच्या मुळाशी पांढरा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. इकडे हिंदी बोलणारे लोक अशा माणसाला ‘सूरजमुखी’ म्हणतात. नाव मोठे गोड आहे, परंतु त्यात दैवाची थट्टाही आहे. कारण सूर्याकडे तोंड करणे ही एकच गोष्ट या माणसांना मुळीच साधत नाही.

काही लोक वर्णहीनतेला कोड समजतात व अशा मुलाच्या शेजारी बसण्यास कचरतात. ही दुहेरी चूक होय. कोड हा त्वचेवर पुढे केव्हातरी उठणारा डाग आहे. वर्णहीनता जन्मतःच सर्वांगास असते. आणि संसर्गजन्य तर या दोहोंपैकी एकही नाही.

आपल्या त्वचेला, केसांना आणि बुबुळांना जो रंग असतो तो मेलॅनिन नावाच्या रंजकद्रव्यामुळे. हे द्रव्य शरीरातच तयार होते व त्याच्या घडणीत अनेक जनुकांचा हात असतो. त्यांपैकी एखाद्यात जन्मतः बिघाड असला की रंग अपुरा बनतो किंवा मुळीच बनत नाही. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज वैद्याने १९०८ साली लंडनमध्ये जी प्रसिद्ध व्याख्याने दिली, त्यांत शरीरातील रासायनिक क्रियांच्या जन्मजात दोषांची उदाहरणे म्हणून वर्णहीनतेचाही समावेश केला होता.

रंगाचा आणि दृष्टीचा काय संबंध, असा प्रश्न येथे सहजच उद्भवेल. वस्तुतः वर्णहीनतेत लोकांच्या नजरेस त्वचा भरते, परंतु त्या व्यक्तीला आयुष्यभर अधिक सोसावे लागते ते डोळ्यांमुळे. बुबुळातील रंग हा खिडकीवरच्या जाड पडद्यासारखा असतो. तो प्रकाशाला केवळ मधल्या बाहुलीतूनच आत येऊ देतो. रंग नसला की पडदा विरविरीत होतो, प्रकाश सर्व बाजूंनी आत शिरतो व डोळे दिपतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर मध्यभागी एक लहानशी खळगी असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, दुरून चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे आपण या खळगीच्या बळावर करतो. गर्भावस्थेत दृष्टिपटलाची वाढ होत असताना रंजकद्रव्य अपुरे पडले तर ही खळगी पुरी घडत नाही. चष्मा प्रकाशाला योग्य जागी एकवटू शकतो. परंतु ज्या पटलावर चित्र उमटायचे ते बारीक विणीचे नसून जाड्याभरड्या विणीचे असेल, तर भिंग तरी काय करणार? म्हणूनच ‘आणखी चांगला चष्मा का करून देत नाही?’ हा आप्तेष्टांचा प्रश्न आईबापांना व्यर्थ बोचत राहतो. चष्म्याने लाभ होतो, पण तो एका मर्यादेपर्यंतच.

तिसरा फरक मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा आहे, आणि तो समजून घेण्यास आम्हा ग्वाल्हेरकरांना उत्तम साधन घरचेच आहे. फुलबागेतील गांधी प्राणी उद्यानात पांढरा वाघ पाहिला नाही असा आमचा विद्यार्थी विरळाच. पांढरा वाघ हा पूर्ण वर्णहीन नव्हे, कारण त्याच्या अंगावर काळे पट्टे असतात. परंतु त्याचे नाते या विषयाशी निकटचे आहे. आपल्या प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून थोडे अधिक तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूस जातात आणि उरलेले त्याच बाजूस राहतात. या वाटणीमुळे दोन्ही डोळ्यांची चित्रे मेंदूत जुळतात आणि वस्तू किती दूर, पायरी किती खोल, हे आपणांस कळते. अमेरिकेतील गिलेरी व कास या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. तीत असे आढळले की हे तंतू नेहमीच्या वाटेने न जाता प्रमाणाबाहेर विरुद्ध बाजूस गेले होते. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा पुष्कळदा दिसतो, त्याचे मूळ येथे आहे. वर्णहीन माणसातही तंतूंची वाटणी अशीच बदललेली असते. पुढे २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी पांढऱ्या वाघाच्या रंगास कारण असलेले जनुक शोधून काढले. माणसात त्याच जनुकाच्या बिघाडाने वर्णहीनतेचा एक प्रकार उद्भवतो.

आनुवंशिकतेचा नियमही याच वाघांच्या इतिहासावरून स्पष्ट होतो. १९५१ साली रेव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडून गोविंदगडच्या वाड्यात ठेवला व त्याचे नाव मोहन ठेवले. पुढे बेगम नावाच्या सामान्य रंगाच्या वाघिणीपासून त्याला पिल्ले झाली, ती सर्व नेहमीसारखी तांबूस. मग त्यांपैकीच राधा नावाच्या वाघिणीशी त्याची जोडी लावली, तेव्हा १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मास आले. याचा अर्थ असा की राधेच्या अंगी पांढरेपणा बाहेर न दिसता दडून होता. माणसातील वर्णहीनतेच्या बहुतेक प्रकारांत असेच घडते. आई आणि वडील दोघेही दिसण्यात अगदी सामान्य, परंतु दोघांच्याही ठायी एकेक सदोष जनुक दडलेले असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला वर्णहीनता येण्याचा संभव चारांत एक असतो. नात्यातल्या नात्यात विवाह झाल्यास हा संभव वाढतो, कारण एकाच पूर्वजाकडून ते जनुक दोघांकडे आलेले असू शकते. तरीही नात्याबाहेरच्या जोडप्यांनाही अशी मुले होतात. एक प्रकार केवळ डोळ्यांपुरता आहे. तो आईकडून बहुधा मुलग्यांत उतरतो, आणि त्यात त्वचा व केस जवळजवळ इतरांसारखेच असल्याने मुलाचा दोष पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानातच येत नाही. यावरून एवढे तरी निश्चित व्हावे की गर्भारपणी ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक पाहिले म्हणून असे मूल झाले, हा आईवर ठेवला जाणारा ठपका सर्वथा निराधार आहे.

आता अशा मुलाचा दिवस कसा जातो ते पाहू. आमच्या हाताखालून एक वर्णहीन विद्यार्थी गेला. सहावीत तो आला तेव्हा पूर्वीच्या एका शाळेतून ‘शेजाऱ्याच्या वहीतून नक्कल करतो’ असा शेरा त्याच्या मागोमाग आला होता. तो वहीतून उतरवून घेत असे हे खरेच होते. फळा त्याला दिसत नव्हता. शेजाऱ्याची वही हाच त्याचा फळा होता. घरीही त्याच्याविषयी दोन मते होती. वडील म्हणत, याला अंधशाळेत घालावे, तेथे निदान हातचे काम शिकेल. आई म्हणे, हा देवापुढची पोथी नाकाशी धरून मला वाचून दाखवतो, मग हा अंध कसा? दोघांच्याही म्हणण्यात मुलाची काळजीच होती, परंतु निर्णय चुकला असता तर त्याच्या हातचे पुस्तक कायमचे सुटले असते.

आम्ही त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसविले. वर्गात जे फळ्यावर लिहायचे ते मोठ्याने उच्चारीत लिहिण्याचा नेम ठेवला. हातात मावणारी एक लहान दुर्बीण डोळ्याला लावून तो फळ्यावरच्या आकृती पाहू लागला. भूमितीत त्याला अखेरपर्यंत बेताचेच गुण पडले. इतिहासात मात्र तो वर्गाच्या पुढे असे. त्याचे डोळे सतत बारीक हलत असत. या नेत्रकंपामुळे जग हलताना दिसते काय, असे मुले त्याला विचारीत. त्याला तसे दिसत नसे, आणि जन्मापासून नेत्रकंप असलेल्यांना बहुधा दिसत नाही. मान एका विशिष्ट कोनात वळविली की हा कंप कमी होतो, म्हणून ती मुले वाकडी मान करून पाहतात. ‘मान सरळ ठेव’ असे त्यांना दटावणे म्हणजे त्यांचे दिसणे काढून घेणे होय. बाड्यावर समोरून गेलेल्या गुरुजींना त्याने नमस्कार केला नाही म्हणून तो गर्विष्ठ ठरला होता. आवाज कानी पडल्यावाचून त्याला माणूस ओळखू येत नाही, हे कोणाच्या मनात आले नव्हते.

पुस्तक डोळ्याशी धरल्याने डोळे बिघडतात ही समजूत घरोघरी आहे. एके काळी ती शिक्षणशास्त्रातही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेत ‘दृष्टिरक्षणाचे’ वर्ग चालत, आणि उरलेली दृष्टी वापराने संपेल या भीतीने मुलांना वाचनापासून दूर ठेवीत. अमेरिकेतील नॅटली बरागा या शिक्षिकेने १९६४ मध्ये आपल्या अभ्यासाने दाखवून दिले की योग्य सराव दिल्यास अशी मुले आपल्या अल्प दृष्टीचा अधिक चांगला उपयोग करू लागतात. दृष्टी ही डब्यातल्या तेलासारखी वापराने सरत नाही. पुस्तक जवळ धरले की अक्षर मोठे दिसते, एवढेच त्यातले रहस्य. वर्णहीनतेतील दृष्टी सहसा वयाबरोबर खालावतही नाही. आपल्या देशात आता अल्पदृष्टीसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत; हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील मीरा व एल. बी. देशपांडे यांच्या नावाचे केंद्र हे त्यांपैकी एक होय.

पालकांनी मूल लहान असतानाच नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करवून योग्य चष्मा, गडद काचा व भिंगे यांचा सल्ला घ्यावा. ग्वाल्हेरचे वैशाखातले ऊन सर्वांनाच असह्य. या मुलांची त्वचा तर त्यात भाजून निघते आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाचे भय राहते. म्हणून रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कवायतीच्या वेळी सावली ही त्यांची गरज आहे. तिला लाड समजू नये. शिक्षकांनी प्रश्नपत्रिका मोठ्या ठळक अक्षरांत द्यावी. वर्गबंधूंनी समोर येताच आपले नाव सांगावे आणि पायरी आली की सहज शब्दाने सुचवावे.

सन २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमात अल्पदृष्टीची स्वतंत्र व्याख्या आहे. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या मर्यादेत असेल तर ती अल्पदृष्टी मानतात. ३/६० म्हणजे सामान्य डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते, ते पाहण्यास ३ मीटरपर्यंत जवळ जावे लागणे. दृष्टिदोष ठरावीक प्रमाणाहून अधिक असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर लेखनिक न घेणाऱ्या परीक्षार्थीस तीन तासांच्या परीक्षेत किमान एक तास अधिक देता येतो, असे २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. हा वेळ मागण्यात संकोच कशाचा?

वर्णहीनतेचा बुद्धीशी काहीही संबंध नाही. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात विद्यार्थी म्हणून आलेले विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर हे वर्णहीन व अधू दृष्टीचे गृहस्थ तेथेच अध्यापक झाले आणि १९०३ पासून १९२४ पर्यंत त्या कॉलेजचे प्रमुख होते. बोलताना दोन शब्दांची आद्याक्षरे उलटसुलट होण्याची त्यांची ख्याती अशी, की इंग्रजीत त्या प्रमादालाच त्यांचे नाव मिळाले. ‘गरम चहा’चा ‘चरम गहा’ व्हावा, तसा तो प्रकार. त्यांच्या नावावर खपणारे बरेचसे विनोद विद्यार्थ्यांनीच रचलेले होते. आणि विद्यार्थी असे विनोद आवडत्या गुरूंवरच रचतात.

आपल्या वर्गात, आळीत किंवा नात्यात असे एखादे मूल असेल तर त्याला काय दिसत नाही याची गणना सर्वजण करीतच असतात. त्याला काय दिसते, किती अंतरावरून दिसते आणि कोणत्या उजेडात दिसते, हे मात्र त्यालाच विचारले पाहिजे. बसण्याची जागा, अक्षराचा आकार आणि थोडा अधिक वेळ एवढ्याने ज्याचे शिक्षण वाचू शकते, त्याला केवळ विचारावयाचे राहून गेले म्हणून शाळेबाहेर राहावे लागू नये, एवढीच आमची विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे.