माथाड्याचा मालक कोण?
वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात हमाल सकाळी एका गाळ्यावर गोण्या उतरवतो, दुपारी दुसऱ्यावर. मग त्याचा पीएफ भरायचा कोणी? अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांना संघटित करून दिलेल्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला आणि त्याने उत्तर दिलं: माथाडी मंडळ. त्यावर सरकार, मालक आणि कामगार, तिघांचेही प्रतिनिधी असतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मजुरी मंडळामार्फत कामगाराच्या हाती पडते. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस. असंघटित कष्टकऱ्यासाठी इतकी नेटकी सोय क्वचितच झाली असेल. पण ती नोंदीत कामगारासाठी आहे. म्हणून टोळीत नव्याने आलेल्याने मुकादमाच्या वहीतल्या नावावर विसंबू नये. मंडळात आपली नोंद झाली का, ते आधी पाहावं.