गाडीचा दिवा चित्रणात का लुकलुकतो?

आमच्या बांद्याजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पावसाळ्यातल्या मळभ आलेल्या दुपारी पत्रादेवीच्या दिशेने निघालेल्या मोटारींचे मागचे तांबडे दिवे पाहा. ते अगदी स्थिर दिसतात. आता त्याच मोटारींचे मोबाइलवर चित्रण करा. काही मोटारींचे दिवे चित्रात चक्क लुकलुकू लागतात, आणि एखादा तर बंदच असल्यासारखा दिसतो! डोळ्याचे खरे मानायचे की कॅमेऱ्याचे?

विद्यार्थी मित्रहो, घरातल्या दिव्याबाबत उत्तर सोपे आहे. घरचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. त्याची सेकंदाला 50 आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शून्यावर येतो, म्हणून दिव्याचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होऊ शकतो. पण मोटारीत असते बॅटरी, 12 व्होल्टची. तिचा प्रवाह दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. मग लुकलुक आली कुठून?

ती मुद्दाम निर्माण केलेली असते. पुष्कळ मोटारींत मागचा मंद दिवा आणि ब्रेकचा प्रखर दिवा ही दोन्ही कामे तेच एलईडी करतात. मंद प्रकाशासाठी मार्गात रोध घालून प्रवाह कमी करता येतो, परंतु रोधात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, शिवाय फार कमी प्रवाहावर सगळे एलईडी सारखे उजळत नाहीत. त्यापेक्षा प्रवाह पुराच द्यायचा, पण तुटक तुटक! विहिरीवरचा पंप दर दहा मिनिटांत एकच मिनिट चालवला तर टाकीत दहाव्या हिश्शाइतकेच पाणी जमते, तसेच हे. फरक एवढाच, की येथे ही उघडझाप सेकंदाला शंभर ते काही शे वेळा चालते.

टाकीचे काम करतो आपला डोळा. सेकंदाला साठ-सत्तरपेक्षा जास्त वेळा होणारी उघडझाप त्याला सहसा वेगवेगळी कळत नाही. तो सरासरी प्रकाश पाहतो. जुन्या तारेच्या दिव्यात तर तापलेली तार एवढ्या अल्प काळात थंडच होत नसे. एलईडीत तापायला तार नाही. तांबडा एलईडी प्रवाह तुटताच, सेकंदाच्या लक्षांशाहूनही कमी वेळात, विझतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. तो सेकंदाला साधारण 30 चित्रे घेतो, आणि दिवसाउजेडी प्रत्येक चित्रासाठी त्याला सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे 1 मिलिसेकंद, पुरतो. समजा, एलईडी सेकंदाला 120 वेळा उघडझाप करतो आणि प्रत्येक वेळेचा दहावाच भाग तेवतो. म्हणजे सुमारे 0.8 मिलिसेकंद उजेड आणि 7.5 मिलिसेकंद अंधार. कॅमेऱ्याचा 1 मिलिसेकंद त्या अंधारात सहज मावतो! 120 ही संख्या 30 च्या बरोबर चौपट असल्यामुळे प्रत्येक चित्र उघडझापीच्या त्याच टप्प्यावर पडेल. पहिले चित्र अंधारात पडले तर सगळीच अंधारात, आणि दिवा बंद दिसेल. उघडझाप 122 वेळा असेल तर दर सेकंदाला 2 जास्तीच्या उरतात, म्हणून चित्रात दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकतो. सिनेमात गाडीच्या चाकाचे आरे उलटे फिरताना दिसतात, त्यामागचे गणित हेच.

रात्री कॅमेरा प्रत्येक चित्राला अधिक वेळ देतो. तो सेकंदाचा तिसावा भाग झाला, की त्यात चार झगमगाट मावतात आणि लुकलुक बहुधा नाहीशी होते. काही कॅमेऱ्यांत ‘50 हर्ट्झ’ची सोय असते, ती घरच्या दिव्यांसाठी. मोटारीतल्या दिव्याचा आपल्या वीजपुरवठ्याशी संबंधच नाही, तेव्हा तिचा येथे भरवसा नाही.

ही केवळ गंमत नव्हे. अपघातानंतर एखादे चित्रण दाखवून ‘पुढच्या गाडीचा मागचा दिवा बंदच होता’ असे कोणी म्हणाले, तर आधी विचारावे लागेल, की दिवा एलईडीचा होता काय आणि कॅमेऱ्याने प्रत्येक चित्राला किती वेळ दिला. चालकाला मदत करणारे कॅमेरे आता मोटारींतच बसवलेले असतात. त्यांना पुढचा सिग्नल विझलेला दिसला तर काय होईल? म्हणून अशा कॅमेऱ्यांसाठी खास संवेदक बनवतात. ते एका झगमगाटापासून दुसऱ्यापर्यंतचा सगळा काळ चित्रात येईल इतका वेळ प्रकाश गोळा करतात.

प्रयोग करायचा तर अंगणात उभ्या केलेल्या मोटारीवर करा, रस्त्यावर नको. मोबाइलमध्ये प्रकाश घेण्याचा वेळ हाताने ठरवता येत असेल तर एकदा 1/1000 सेकंद आणि एकदा 1/30 सेकंद ठेवून मागच्या दिव्याचे चित्रण करा. मग मोठ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकच्या दिव्याला बहुधा अखंड प्रवाह मिळतो, म्हणून त्याची लुकलुक थांबलेली दिसेल. कॅमेरा नसला तरी अडत नाही. अंधारात त्या दिव्यावरून नजर झर्रकन डावीकडून उजवीकडे फिरवा. दिवा तुटक तेवत असेल तर तांबड्या रेघेऐवजी सुट्या तांबड्या मण्यांची माळ दिसेल.