पाटी तिची, नाव कुणाचं?

मार्गशीर्षात धाकट्या नणंदेकडे डोंबिवलीला गेले होते. शनिवारी भाचीच्या बाळाचं बारसं होतं. पाहुणे पांगले आणि रात्री भांडी आवरता आवरता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, उद्या सकाळी लवकर उठा हं. तुम्हाला आमचा रविवारचा शेतकरी बाजार दाखवते."

मला हसूच आलं. जुन्नर तालुक्यातल्या बाईला बाजार काय दाखवायचा? आमच्याकडे बाजाराच्या दिवशी निम्मा रस्ता पाट्यांनी अडलेला असतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या बघतच आमचा दिवस उजाडतो. पण म्हटलं, चला. शहरातला बाजार कसा असतो तेही बघू.

सकाळी सात वाजता पोहोचलो, तर मैदानात आधीच गर्दी. एका ओळीत कापडी मांडव घातलेले, प्रत्येक मांडवात एक टेबल, वजनकाटा आणि वर पाटी. पाटीवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव. गिऱ्हाइकांत फिरायला निघालेले आजी-आजोबा होते, ट्रॅकसूट घातलेल्या मुली होत्या, पिशव्या घेतलेले नवरेही होते बरं का! एका कोपऱ्यात बचत गटाच्या बायका नाचणीची बिस्किटं, शेंगदाण्याची चटणी, घरचे मसाले घेऊन बसल्या होत्या. दुसरीकडे झुणका-भाकर. भाजीबरोबर नाश्ताही तिथेच.

वन्सं भाजी निवडत होत्या आणि मी पाट्या वाचत होते. सवयच आहे ती मला. एका पाटीवर आमच्याच बाजूच्या गावाचं नाव दिसलं आणि पाय आपोआप थांबले. टेबलामागे माझ्याच वयाच्या एक ताई होत्या. डोक्यावर पदर, एका हाताने टोमॅटो तोलताहेत, दुसऱ्याने सुटे पैसे देताहेत. माझं बोलणं ऐकून त्यांनीही ओळखलं. "म्हंजी तुम्ही तिकडल्याच की!" असं म्हणून त्यांनी मला पालथा क्रेट दिला बसायला. वन्सं पुढे गेल्या. मी तिथेच रमले.

ताई रात्री दोनला निघाल्या होत्या. चार-पाच घरांचा मिळून एक टेम्पो. माळशेज घाट उतरून, मुरबाड, कल्याण करत पहाटे सहाला डोंबिवलीत. थंडीत घाटात धुकं, पावसाळ्यात दरडीची भीती. "मंग एवढा खटाटोप परवडतो का?" मी विचारलं. त्यांनी पिशवीतून वहीच काढली. सातवी शिकलेल्या बाईचा हिशेब बघा.

शंभर किलो टोमॅटो, म्हणजे वीस किलोचे पाच क्रेट. त्या आठवड्यात गावाकडे क्रेट गेला १६० रुपयांना. म्हणजे किलोला ८ रुपये, शंभर किलोचे ८००. इथे ८० किलो २५ रुपयांनी विकला, त्याचे २,०००. उन्हं चढल्यावर राहिलेला २० किलो १५ रुपयांनी काढला, त्याचे ३००. झाले २,३००. त्यातून टेम्पोचा वाटा ५००, जागेचं भाडं २००, पिशव्या आणि चहापाणी १००. हातात १,५००. "डबल न्हाई ताई, पण डबलच्या जवळ. आन् रोख. आडत्याच्या दारात पट्टीसाठी उभं ऱ्हावं लागत न्हाई." आणि रात्रीची झोप? तिचा हिशेब मात्र वहीत नव्हता.

मैत्रिणींनो, हे बाजार आपोआप उगवलेले नाहीत. पूर्वी भाजीपाला बाजार समितीतून, अडत्यामार्फतच विकायचा असा नियम होता. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला त्या बंधनातून मोकळा केला. त्याच सुमारास पणन मंडळाने शहरांमधून शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली आणि त्या अभियानाला नाव दिलं संत सावता माळ्यांचं. अरण गावच्या ज्या संताने मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्याचं. मुंबईत तर त्या वर्षी विधान भवनाच्या आवारातसुद्धा बाजार भरला होता. आज ठाणे, डोंबिवली, पुणे असे कितीतरी ठिकाणी शनिवार-रविवारी असे मांडव दिसतात. काही सरकारी योजनेतले, काही संस्थांनी किंवा सोसायट्यांनी भरवलेले.

मांडवात बसलेला प्रत्येक जण शेतकरीच असतो असं मात्र समजू नका. ताईंनीच मला हळूच दाखवलं. "त्यो बघा, त्यानं रात्री घाऊक मार्केटातनं उचललंय." कसं ओळखायचं? मी चार खुणा विचारून घेतल्या. एक, ज्याच्याकडे वीस-पंचवीस प्रकारच्या भाज्या आहेत, त्याचं ते सगळं स्वतःच्या रानातलं असणं अवघड. शेतकऱ्याकडे तीन-चारच भाज्या असतात. दोन, ऐन थंडीत कैऱ्या आणि डिसेंबरात शेवळं दिसली तर समजून घ्या. तीन, माल एकाच मापाचा, चकचकीत नसतो. लहानमोठा, वेडावाकडा असतो. आणि चार, सरळ विचारावं, "लावलं कधी होतं? पाणी कुठलं?" पिकवणारी बाई या प्रश्नावर खुलते. विकत आणलेला माणूस चिडतो!

निघताना सहज पुन्हा वर पाहिलं. पाटीवर पुरुषाचं नाव होतं. ताईंच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावरही फोटो पुरुषाचा.

"हे कोण?"

"आमचं मालक. घरी हायेत. गाडी भरून देत्यात, मंग रात्रीची मोटार, पाणी त्यांच्याकडंच."

"मग कार्ड तुमचं का नाही?"

"कारड सातबाऱ्यावर मिळतंय. सातबारा त्यांच्या नावावर. मंग पाटी बी त्यांचीच."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला विसरता येत नाही. मागच्या वर्षी एकदा तपासणीला माणूस आला. "खातेदार कुठाय?" म्हणाला. यांनी सांगितलं, मी त्यांची बायको. तो म्हणाला, "नियम आहे. खातेदार किंवा त्याचा कागद पाहिजे." यांना टेबलावरून उठवलं. घरी फोन लावला, तर मालक रानात, फोन उचलेनात. दोन तास मेथी उन्हात पडून राहिली. शेवटी शेजारच्या मांडवातल्या भावाने मध्यस्थी केली, तोवर सत्तर जुड्यांनी माना टाकलेल्या. "मेथी मी खुरपली, मी काढली, मीच जुड्या बांधल्या. आन् त्यो म्हनं, तुमी कोन?" हे सांगताना त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही.

त्या माणसाचाही दोष नसेल. व्यापारी घुसू नयेत म्हणून सातबारा मागतात, ते बरोबरच आहे. पण पेरणी-खुरपणीपासून विक्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला जो कागद ओळखतच नाही, तो कागद अपुराच म्हणायचा ना?

मैदानाच्या फाटकाबाहेर मुरबाडकडच्या दोन आदिवासी बायका पोत्यावर बसल्या होत्या. वालाच्या शेंगा, गवती चहा, थोडे कंद. त्यांना मांडव नव्हता, पाटी नव्हती. मी शेंगा घेतल्या आणि मघाचं डोक्यात होतं म्हणून विचारलं, "तुमची जमीन कुणाच्या नावावर?" त्यातली थोरली म्हणाली, "दोघांच्या. वनहक्काच्या कागदावर म्हाताऱ्याचं नि माझं, दोघांचं नाव हाय." मी चाटच पडले. पण खरं आहे ते. २००६ च्या वनहक्क कायद्यात तसं कलमच आहे, लग्न झालेलं असेल तर हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा. म्हणजे फाटकाबाहेर पोत्यावर बसलेल्या बाईचं नाव कागदावर, आणि आत मांडवात बसलेल्या बाईचं नाही!

घरी परतताना एसटीत मी एकच गोष्ट घोळवत होते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी बचत गटाचं काम करते. मेळाव्यांत भाषणं करते, बायकांना बँकेत नेते. आणि आमच्या दोन एकरांच्या सातबाऱ्यावर? तिथे माझं नाव नाही. कधी मनातही आलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर यांच्यापुढे विषय काढला. हे क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "तुला काय कमी आहे का इथे?" भांडणाचा सूर नव्हता, खरंच कळत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, "कमी नाही. पण माझं नावही नाही." पुढे काय बोलावं ते मलाही सुचेना.

तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाई बोलल्या. वर न बघताच. "माझं नाव लागलं होतं सातबाऱ्यावर. हे गेल्यावर. वारस म्हणून. कुंकू पुसलं तेव्हा तलाठ्याला माझं नाव कळलं."

घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट नवी नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीचं ऋण फेडायचं, तर नवऱ्याने आपणहून तिच्या नावावर जमीन करावी. कितीतरी गावांनी ते केलं. १९९२ साली राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा, घरात बोलून घ्या. अर्ज नवऱ्यालाच करायचा असतो, म्हणून खरी लढाई कचेरीत नसतेच. ती आपल्या स्वयंपाकघरात, जेवणं झाल्यावर असते.

आमच्या घरी तीन दिवसांनी ह्यांनी स्वतःच कागद पुढे ठेवला. "नाव कसं लिहायचं? माहेरचं की सासरचं?" म्हणाले. अर्ज दिला आहे. नोंद व्हायची आहे. झाली की सासूबाईंना पहिल्यांदा वाचून दाखवणार आहे.

गटातल्या बायकांनाही सांगितलं. अठरा जणींपैकी सहा जणींनी घरी विषय काढला. दोघींच्या घरी होकार आला, एकीच्या घरी भांडण झालं, तिघींच्या घरी अजून 'बघू' चाललंय. 'बघू' म्हणजे नाही असं नसतं, हे आपल्याला संसारात कळतंच!

मध्यंतरी डोंबिवलीच्या त्या ताईंना फोन केला. अर्जाचं सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मालकाला इचारते. पन ताई, मंग पाटी नवी करावी लागंल, न्हाई का?"

करावी लागेलच की. रंगाचा खर्च फार नाही.