नकाशावरची सरळ रेषा

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा विमानतळ नांदेडचा. तरीही मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर इथल्या कोणत्याही शाळेत मोजता येते. पृथ्वीगोल, दोरा आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरे.

भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे सरकतो आणि आइसलँडजवळ सुमारे ६५ अंश अक्षांशापर्यंत पोहोचतो! गोलाकार पृष्ठभाग सपाट कागदावर मांडताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. म्हणून सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर वाकडा व लांब दिसतो.

विषुववृत्ताभोवती गुंडाळलेला दोरा म्हणजे ४०,००० कि.मी. त्रैराशिक मांडल्यास आपले अंतर सुमारे १२,५०० कि.मी. येते. ताशी ८५० कि.मी. वेगाने याला जवळजवळ १५ तास लागतील. प्रत्यक्षात वारे आणि हवाई हद्दी पाहून मार्ग थोडा बदलतो. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मग जाताना वेळ जास्त लागेल की परतताना? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.