थंड लागते का बाळ हाताला?

आशाताईंनी कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि ते तसेच हवेत धरून उभ्या राहिल्या. बाळंतिणीच्या सासूबाईंनी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी नुसत्या मानेने नाकारला. हात पुसायचे नाहीत, वाळू द्यायचे. खाटेवर सात दिवसांची मुलगी झोपली होती. विदर्भातल्या या गावात आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविका, घरोघर जातात त्या फेरीत त्यांच्यासोबत जायची परवानगी मला मिळाली होती. एकच अट होती, मध्ये बोलायचं नाही.

आधी काखेत थर्मामीटर. मग श्वास. बाळाच्या अंगावरचं फडकं पोटापर्यंत खाली घेतलं, घड्याळ गुडघ्यावर ठेवलं, आणि त्या पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत राहिल्या. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सोय इथे नाही. नवजात बाळाचा श्वास लयीत चालत नाही. थोडा वेळ भरभर येतो, मग थबकतो, मग परत सुरू होतो. आकडा साठ किंवा त्याहून वर गेला तर पुन्हा मोजायचा. या बाळाचा बावन्न आला. मग झोळीत घालून वजन. काटा आधी शून्यावर आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं.

त्यानंतर प्रश्न. दूध कालच्यासारखंच पेते का? रडणं बारीक झालं का? आणि मग, "हाताला थंड लागते का बाळ?"

"नाही जी, चांगलं गरम आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुमी थांबा. तू सांग वो बाई."

थर्मामीटरचा आकडा फॉर्मवर लिहून झाला होता. तरी आईला हा प्रश्न कशाला? मला तो निव्वळ उपचार वाटत होता. पण त्याच्यामागे गडचिरोलीच्या खेड्यांमधलं काही वर्षांचं काम आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1993 मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. 39 गावांत काम करायचं आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवायची, अशी रचना होती. 1995-96 या वर्षात 39 गावांतल्या 763 नवजात बाळांची जन्मापासून महिनाभर घरीच पाहणी झाली. जवळपास सगळी बाळंतपणं घरातली. पाहणी करणाऱ्या गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बाया होत्या, ज्यांना पुढे आरोग्यदूत म्हणू लागले. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, पण डॉक्टरच्या नजरेस पडली ती शंभरात तीनही नव्हती.

या नोंदींतूनच जंतुसंसर्गाची लक्षणं निवडली गेली. रक्त तपासायची सोय नाही, एक्सरे नाही, तेव्हा गावातली बाई काय बघून सांगेल की हे बाळ धोक्यात आहे? लक्षणांची लांबलचक यादी घेऊन, कोणती खरोखर मृत्यूकडे बोट दाखवतात ते आकड्यांवर घासून पाहिलं. सात उरली: दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय ढिले पडणं, उलटी किंवा पोटफुगी, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू, आणि बाळ हाताला थंड लागतं असं आईचं सांगणं. यातली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली की संसर्ग समजायचा. आईच्या हाताचा अंदाज पुराव्याच्या रांगेत आला तो मोजणीत टिकला म्हणून. कुणाला मातृत्वाचा गहिवर आला होता म्हणून नव्हे. मला या संशोधनातलं हे सगळ्यात आवडतं.

आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाला ऊब कशी द्यायची, पाजायचं कसं हे शिकवायच्या आणि संसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायच्या. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांचं काम तपासत. 39 गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात मृत्यू व्हायचे, ते तिसऱ्या वर्षी 25.5 वर आले. तुलनेच्या गावांत आकडा साठीच्या आसपासच राहिला. डिसेंबर 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

नवजात बाळांसाठी घरभेटी हे देशाचं धोरण झालं 2011 मध्ये. मधल्या बारा वर्षांचा हिशेब नुसत्या सरकारी दिरंगाईने लागत नाही. गडचिरोलीत चाललं ते दुसरीकडे चालेल का, ही शंका रास्तच होती. महाराष्ट्रात सात ठिकाणी 'अंकुर' प्रकल्पातून ते करून पाहिलं गेलं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पाच राज्यांत चाचणी घेतली. 2001 च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातले बालमृत्यू कागदावर कमी दिसतात हे दाखवून सरकारला अडचणीत आणलं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनेही घरभेटींची शिफारस केली. पण खरी अडचण वेगळी होती: हे काम करणारी बाई सरकारच्या रचनेत होतीच कुठे? ती 2005 नंतर आशा म्हणून आली. पद तयार झालं, तेव्हा संशोधनाला बसायला जागा मिळाली.

बसताना मात्र त्याचे काही तुकडे गळाले. आशाच्या हातात इंजेक्शन दिलं गेलं नाही. 2014 मध्ये एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला, तेही विशिष्ट परिस्थितीत, जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली. यासाठी मी सरकारला फार दोष देणार नाही. 39 गावांतली सुई आणि देशभरातल्या दहा लाख आशांच्या हातातली सुई यांत फरक आहेच. देखरेख गळाली ते जास्त महागात पडलं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या डॉक्टरच्या जागी आज साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक आहे, आणि तिचीही मिळकत तुटपुंजीच.

शिवाय ज्या परिस्थितीवर हे संशोधन उभं होतं तीही बदलली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली जवळजवळ 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणून घरभेटी आता तिसऱ्या दिवसापासून: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. घरी जन्म झाला तर पहिल्या दिवसाची एक वाढते. बाळ आता दवाखान्याचा कागद घेऊन घरी येतं, पण ऊब, दूध आणि बेंबी यांची काळजी घरातच घ्यावी लागते.

सगळ्या भेटी पूर्ण झाल्या, जन्माची नोंद झाली, लस टोचली आणि बेचाळिसाव्या दिवशी माय-लेकरू सुखरूप असलं, तर आशाला 250 रुपये देण्याचं 2011 मध्ये ठरलं. 2024 च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्या या कामाचा भाव विचारायला.

मी पाहिलेली भेट पाऊण तास चालली. कांगारूसारखं छातीशी धरायचं कसं, हे दाखवण्यातच पंधरा मिनिटं गेली, कारण सासूबाईंना शेगडीचा शेक बरा वाटत होता आणि आशाताई त्यांना न दुखावता धुराचं सांगत होत्या. फॉर्मवर यातलं काही उतरलं नाही. त्याला रकाना नाही.

पुढे हे फॉर्म कुठे जातात ते पाहायला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. टेबलावर गठ्ठा होता. गटप्रवर्तक ताई भराभर चाळत होत्या: तारीख, वजन, आईची सही. एका फॉर्मवर सही नव्हती, तो बाजूला काढला. दुसऱ्यावर थंड लागण्याचा रकाना कोरा होता. तो गठ्ठ्यातच राहिला. विचारलं तर म्हणाल्या, "सही नसली तर बिल अडकते जी." गडचिरोलीत असल्याच कागदांवर बसून कुणीतरी लक्षणांची लांब यादी सातावर आणली होती. या गठ्ठ्यातून बिलाखेरीज आणखी काही निघतं का, असं मी विचारलं. महिन्याचा अहवाल वर जातो, त्या म्हणाल्या, आणि पुढचा फॉर्म उलटला.