एम०८ ते एफए२४ : बालसंधिवाताची उशिरा झालेली नोंद

लहान मुलांनाही संधिवात होतो, हे आजही अनेक घरांत चटकन पटत नाही. डॉक्टरांना पटून मात्र सव्वाशे वर्षं झाली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी २२ मुलं तपासून, यातल्या बऱ्याच मुलांचा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे, असं १८९७ मध्ये मांडलं. कोडच्या पुस्तकाला हे वेगळेपण मानायला जवळपास शतक लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या, म्हणजे या कोडच्या पुस्तकाच्या, नवव्या आवृत्तीत हा आजार ७१४ या कोडखाली, मोठ्यांच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पोटात होता. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने त्याला एम०८ हे स्वतःचं घर दिलं. पण पहिल्याच खोलीवर, एम०८.० वर, पाटी जुनीच राहिली : ज्युव्हेनाइल ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. खरं तर ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हा रक्तातला घटक यातल्या जेमतेम पाच टक्के मुलांत सापडतो. तज्ज्ञांनी १९९० च्या दशकातच 'ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' हे नाव स्वीकारलं आणि २००१ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला त्याचे सात प्रकार पक्के केले. दवाखान्यात एक नाव आणि फाइलवर दुसरं, असं मग वर्षानुवर्षं चाललं.

अमेरिकेने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दहावी आवृत्ती घेतली, तीही स्वतःची भर घालून. तिथे मोजक्या सांध्यांचा आजार उजव्या गुडघ्यात असेल तर एम०८.४६१, डाव्या गुडघ्यात असेल तर एम०८.४६२. इतका बारकावा! आणि स्नायुबंध हाडाला जिथे जुळतात तिथे सूज येऊन टाच धरणाऱ्या मुलासाठी मात्र नेमका कोड नाही. त्याची रवानगी बहुधा 'इतर' मध्ये. मला हे अन्यायाचं वाटतं.

कारण प्रकार नेमका लिहिण्याला मोल आहे. मोजक्या सांध्यांच्या आजारात, विशेषतः लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. डोळा लाल होत नाही, मूल तक्रार करत नाही, नजर मात्र अधू होत जाते. म्हणून ठरावीक काळाने स्लिट लॅम्पखाली तपासणी लागते. फाइलवर 'अनिर्दिष्ट' एवढंच असेल, तर डोळ्यांसाठी कोणत्या मुलांना बोलवायचं, ते नोंदींवरून कळणार कसं?

१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आणि एफए२४ वर अखेर नवं नाव आलं. पण तोवर, २०१९ मध्येच, आंतरराष्ट्रीय बालसंधिवाततज्ज्ञांच्या एका गटाने पुढची मांडणी सुचवली होती : वयाची मर्यादा सोळाऐवजी अठरा, आणि सांधे मोजून प्रकार ठरवणं बंद.